लांबशेपट्याची खुर्ची

इलियमकाकांना पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. राजा, राणी, एक्का ओळखायचे, बस्स. तरी दर रविवारी चहाच्या वेळी हा माणूस मागच्या खोलीत संगणकासमोर बसून पोकर खेळायचा. खेळायचा म्हणजे काय, तर पत्ते आले की टाकून द्यायचा. दोन एक्के आले तरी टाकायचा. मी एकदा मागे उभी होते तेव्हा त्यांनी असे पत्ते फेकले की माझा जीव वरखाली झाला. म्हटलं, "अहो काका, हे पत्ते लोक नवस करून मागतात!" तर म्हणाले, "मला जिंकायचं नाही ग. बसायचंय फक्त."

मी ब्रीशी कॉर्लेट. पील बंदराच्या वरच्या गल्लीत आमचं आणि क्रेबिनांचं घर भिंतीला भिंत लागून आहे. इलियम क्रेबिन आणि एलिन क्रेबिन हे माझे नात्याचे कुणी नाहीत, पण लहानपणापासून काका आणि मावशीच. काका आयुष्यभर शिंपले धरायच्या बोटींवर होते. अबोल माणूस. दाढी अशी भरघोस की मावशी म्हणायची, "लग्नात पाहिली ती हनुवटी, त्यानंतर दर्शन नाही." मी कामाला बेटाच्या राजधानीत, डग्लसला, पैसे इकडचे तिकडे करणाऱ्या एका कंपनीत, तक्रारींच्या टेबलावर. आमच्या बेटावर अशा कंपन्या चिक्कार. ऑनलाइन जुगाराच्या कंपन्याही चिक्कार. एकमेकींवर जगतात मेल्या.

खुर्ची काकांची नव्हतीच. ती फिन्लोची, त्यांच्या एकुलत्या एक मुलाची. फिन्लो खेळायचा मात्र झकास. टेबलावर त्याचं नाव होतं लांबशेपट्या. आता, बिळात राहून पोती कुरतडणाऱ्या त्या प्राण्याचं खरं नाव आमच्या बेटावर कुणी तोंडातून काढत नाही, मीही इथे काढणार नाही. लांबशेपट्याच म्हणतो आम्ही. बोटीवर तर चुकून कुणी ते नाव काढलं तर म्हातारे त्याला उतरवून देतात. फिन्लोला वाटलं, जगभरच्या लोकांत बसायचंय तर आपल्या गावचं काहीतरी सोबत असावं.

एका सकाळी फिन्लो लहान बोट घेऊन खेकड्यांचे पिंजरे उचलायला एकटाच गेला. समुद्र शांत होता. दुपारी बोट सापडली. इंजिन चालू, चहाचा थर्मास कोमट, पिंजरे नीट रचलेले. फिन्लो तेवढा नव्हता. हेलिकॉप्टर आलं, सगळ्या बोटी गेल्या, आठवडाभर शोधलं. काही म्हणजे काही हाती लागलं नाही.

क्रेबिनांच्या घरात एक रीत होती, काकांच्या आजोबांपासूनची. समुद्रावर गेलेल्या माणसाचं शरीर मिळेपर्यंत तो 'बुडाला' म्हणायचं नाही. 'अजून आला नाही' म्हणायचं. कुणी विचारलं, घरातले किती भाऊ, तर काकांचे वडील सांगायचे, "दोन घरी, एक अजून आला नाही." तो एक कधीचा गेलेला, पण हेच. फिन्लोच्या बाबतीतही तेच सुरू झालं. दुकानात, चर्चमध्ये, दंतवैद्याकडे. "फिन्लो अजून आला नाही." आम्हाला त्याची इतकी सवय झाली की कानाला खटकायचंही नाही.

फिन्लोच्या संगणकाला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. पासवर्ड त्याच्या पोटात तसाच होता. फिन्लो गेल्यावर काही आठवड्यांनी काकांनी धूळ पुसायला म्हणून तो चालू केला, कुठेतरी बोट लागलं, आणि टेबल उघडलं. नॉर्वेची एक नर्स, ब्राझीलचा एक बसड्रायव्हर आणि आणखी दोघं-तिघं तिथे बसलेले. खाली गप्पांच्या चौकटीत नर्सनं लिहिलं, "अरे लांबशेपट्या! होतास कुठे?" काकांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाईप केलं, "इथेच." त्या रविवारपासून ते बसायला लागले.

आता त्या खेळात नुसतं बसायलाही पैसे पडतात. पत्ते वाटायच्या आधी आळीपाळीनं प्रत्येकाला थोडी रक्कम मधे ठेवावीच लागते. खेळा नाहीतर खेळू नका, ती गेली. म्हणजे खुर्चीचं भाडंच म्हणा ना. फिन्लोचे पैसे संपले तेव्हा काका बाजारातल्या दुकानात रोख भरून फिन्लोच्या ऑनलाइन पाकिटात टाकायला लागले. ते जुनं पाकीट फारशा चौकशा करत नसे. नर्स चिडवायची, "काय रे, पूर्वी वाघ होतास, आता शेळी झालास! बायको केलीस की काय?" काका लिहायचे, "नाही." ब्राझीलवाला म्हणायचा, "राहू दे ग त्याला, दमला असेल." काका मला हे सगळं कौतुकानं सांगायचे. "फार चांगली माणसं आहेत, पोरी. त्याला विचारतात."

"त्याला नाही, तुम्हाला विचारतात," मी म्हणायचे.

"तेच ते," काका म्हणायचे. माझ्या अंगावर काटा यायचा, खोटं कशाला सांगू!

मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, म्हातारा हवामान बघत बसतो. तिचं मन वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं. तिला दगड हवा होता. टेकडीवरच्या दफनभूमीत, समुद्राकडे तोंड करून, फिन्लोचं नाव कोरलेला. पण मृत्यूचा कागद असल्याशिवाय पाद्री नाव कोरू देईना. कोर्टाचं म्हणणं, बोट तर नीट सापडली, माणूस कुठे निघून गेला असेल तर? सात वर्षं त्याचा काही मागमूस लागला नाही तर मग कागद देऊ. मावशी थांबली. सात वर्षं झाल्याबरोबर ती एकटी बसनं डग्लसला जाऊन अर्ज देऊन आली. काकांना सही करायला सांगितलं तर ते उठून बंदरावर निघून गेले.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात ते जुनं पाकीट बंद पडलं. म्हणजे कंपनीनं कळवलं, यापुढे पोकरच्या टेबलांसाठी आमची सेवा मिळणार नाही, दुसरी सोय बघा. काका माझ्या दारात उभे. पैसे भरायच्या दुसऱ्या सोयींची यादी पडद्यावर आली होती, तिचा फोनवर फोटो काढून आणलेला. "यातली कुठली घेऊ?"

मी चहा ठेवला, त्यांना बसवलं, आणि एकेक सांगायला लागले. कार्डानं भरता येईल, पण कार्डावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच हवं. बँकेतून परस्पर पाठवता येईल, पण फिन्लोचं बँक खातं गोठलेलं. फोनवरून भरता येईल, पण फिन्लोचा नंबर कधीच दुसऱ्या कुणाला गेला. शेवटची उरली ती एक नवी सेवा. फी सगळ्यांत कमी, पैसे चुटकीसरशी पोचतात.

"मग तीच घेतो की."

"काका, तिला चेहरा लागतो. ओळखपत्र दाखवायचं आणि कॅमेऱ्यासमोर बसायचं. मशीन दोन्ही ताडून बघतं."

"चेहरा कुणाचा?"

"ज्याचं खातं त्याचा. आणखी कुणाचा!"

ते कपाकडे बघत बसले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "असं करा, तुमच्या नावानं नवं खातं उघडा. मग हवी ती सेवा निवडा, मी सगळं लावून देते. कायदेशीर, कटकट नाही."

"माझ्या नावानं जाऊन मी तिथे काय करू? मला तिथे कोण ओळखतं?"

"मग सोडा ना! मेलेल्या माणसासाठी सेवा नसते, काका! माझी कंपनी देत नाही, कुणाचीच देत नाही!"

माझी जीभ अशीच आहे. बोलून गेले. काकांनी कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तो अजून आला नाही, ब्रीशी." आणि गेले.

पुढचं मला नंतर कळलं. काकांनी त्या नव्या सेवेच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे कुठल्या देशातली मुलगी होती देव जाणे. तिनं विचारलं, खातेदार फिन्लो क्रेबिन तिथे आहेत का? काकांनी आयुष्यभर दिलं तेच उत्तर दिलं. "तो अजून आला नाही." मुलगी म्हणाली, काही हरकत नाही, आले की कॅमेऱ्यासमोर बसवा, आम्ही आठवण करत राहू. तिला बिचारीला वाटलं, ऑफिसातून यायचाय. पीलमधल्या कुणी तो फोन घेतला असता तर काय ते समजून तिथेच हात जोडले असते.

आणि मग संदेश यायला लागले. दर सोमवारी. "फिन्लो, आम्ही तुमची वाट पाहतोय." पुढच्या सोमवारी, "फिन्लो, आता फक्त एकच पाऊल बाकी आहे." काका मला मागच्या अंगणाच्या भिंतीवरून फोन दाखवायचे. डोळे चमकलेले.

"बघ. त्यांनाही वाटतंय."

"अहो, मशीन लिहितं हे! मशीनला काय वाटणार, कपाळ!"

"मग वाट कशाला बघतं?"

मी कपडे वाळत घालत राहिले.

मार्चमधली एक सकाळ. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले आणि क्रेबिनांच्या मागच्या अंगणात फिन्लो उभा होता. त्याचा निळा लोकरी स्वेटर, तीच हनुवटी, खाली बघण्याची तीच तऱ्हा. मी किंचाळले. डबा हातातून सुटला, सगळा कचरा पायरीवर. त्यानं मान वर केली आणि ते इलियमकाका होते. दाढी सफाचट. दाढीखालची कातडी पांढरी, कोवळी राहिलेली. ऊनवारा तिथे कधी पोचलाच नव्हता.

"मशीननं ओळखलं मला," ते म्हणाले. "त्याचं लायसन धरलं, इकडे मान, तिकडे मान, पापणी मिटा म्हणालं. आणि मग लिहून आलं, 'स्वागत आहे, फिन्लो. तुम्हाला पुन्हा पाहून आनंद झाला.'"

मला संताप आला. "गुन्हा आहे हा! कळतंय का तुम्हाला? आणि मावशीला काय सांगितलंत?"

"दाढीत उवा झाल्या म्हणून सांगितलं."

"सांगा तिला खरं. आज सांगा."

"सांगतो," म्हणाले. सांगितलं नाही. त्या रविवारी ते पुन्हा टेबलावर बसले, पत्ते टाकत राहिले, आणि नर्सनं त्यांना पुन्हा शेळी म्हटलं.

मे महिन्यात, मोटारसायकलींच्या शर्यतींची गर्दी बेटावर उतरायला लागली होती, तेव्हा मावशीकडे कोर्टाचा माणूस आला. किसॅक त्याचं नाव, तरुण, पायपुसण्यावर बूट दोनदा पुसून आत येणारा. मी मावशीच्या स्वयंपाकघरातच होते. ती मनुकांचा बॉनॅग, म्हणजे आमच्याकडचा गोडसर पाव, भाजत होती, ओव्हनमधून वास सुटला होता. काका बंदरावर.

किसॅक म्हणाला, "मिसेस क्रेबिन, ही बातमी चांगली म्हणावी की कशी, मला कळत नाही. आम्ही रीतीप्रमाणे बँकांकडे, पैशांच्या सेवांकडे चौकशी केली. तुमच्या मुलाचा ठावठिकाणा एकीकडे लागलाय. मार्चमध्ये तो स्वतः कॅमेऱ्यासमोर बसला होता. त्यांनी चेहरा तपासून घेतलाय."

मावशी ओव्हनकडे गेली, बॉनॅग बाहेर काढला, ओव्हन बंद केला, हातातलं फडकं दांडीवर नीट घडी करून टाकलं. मग वळून तिनं विचारलं, "वाळलाय का हो तो?"

"मी फोटो अजून बघितला नाही. येत्या गुरुवारी घेऊन येतो. तुम्ही ओळखलंत की अर्ज निकाली काढू."

"ये बाबा. गुरुवारी ये. लवकर ये."

तो गेला आणि मावशी तिथल्या तिथे गोल फिरली, लहान मुलीसारखी. "ब्रीशी! ऐकलंस ना ग तू? माझ्या कानांनी नाही ना काही केलं?" मी मान हलवली. तोंड उघडलं तर सगळंच बाहेर येईल, आणि ते सांगणं माझं काम नव्हतं.

तडक बंदरावर गेले. काका जाळ्याच्या ढिगावर बसले होते. गुरासारखी ओरडले मी त्यांच्यावर, चारचौघांत. "ती गादी उन्हात टाकतेय! शेजारीपाजारी सांगत सुटलीय! आत्ताच्या आत्ता घरी चला आणि सांगा तिला!"

काका म्हणाले, "हसत होती का?"

"हो."

"मग एवढे तीन दिवस..." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, आणि इतकं वाईटही वाटलं, की मी पाठ फिरवून रडत रडत चढ चढले. सांगायला काका घरी गेले, हे मला ठाऊक आहे. दारातून त्यांनी बघितलं की मावशी फिन्लोच्या पलंगावर स्वच्छ चादर अंथरतेय आणि काहीतरी गुणगुणतेय. ते तसेच मागे फिरले.

गुरुवारी मावशीनं चांगला झगा घातला. टेबलावर बारीक शिंपले, बेकन घालून परतलेले, फिन्लोला आवडायचे तसे. किसॅकला म्हणाली, "आधी खा." तो बिचारा खायला लागला. काका दारात उभे होते, आत येईनात, बाहेर जाईनात. दाढी अजून नीट वाढली नव्हती. मी मावशीच्या शेजारी बसले, कारण कुणीतरी बसायला हवं होतं.

मग किसॅकनं फोटो काढून तिच्यासमोर ठेवला.

मावशीनं तो दोन्ही हातांनी धरला. आणि देवाशपथ सांगते, तिनं फिन्लोच बघितला. म्हातारा झालेला, सुकलेला, पण तिचाच. तिनं अंगठ्यानं त्या गालावरून हात फिरवला. "अग बाई," ती म्हणाली, "किती रे पिकलास!" हसत होती. माझ्याकडे फोटो वळवून म्हणाली, "बघ ना, अगदी ह्यांच्यावर गेलाय." मी खाली बघितलं.

मग तिचा अंगठा थांबला. गळ्याशी. स्वेटरच्या कॉलरपाशी एक रफू होता, जरा वेगळ्या निळ्या लोकरीचा. त्या स्वेटरला कसर लागली ती फिन्लो गेल्यानंतरच्या वर्षी. तसली लोकर मिळाली नाही म्हणून मावशीनं हाताशी होती ती वापरली होती, आणि आम्हाला सांगितलंही होतं, आला की कुरकुर करेल, रंग जुळला नाही म्हणून. तो रफू फिन्लोच्या अंगावर कधी चढलाच नव्हता.

तिनं मान वर केली. काकांकडे बघितलं, त्या अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या दाढीकडे. काकांनी टोपी काढून हातात घेतली होती. किसॅकचा काटा ताटलीत तसाच राहिला.

"हा माझा नवरा आहे," मावशी म्हणाली. आवाज कसा तर दुकानात भाव सांगावा तसा. "लिहून घ्या. हा इलियम क्रेबिन. फिन्लो क्रेबिन बुडाला."

त्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. काका असे दचकले की खांदा दाराच्या चौकटीवर आपटला.

"बुडाला," ती पुन्हा म्हणाली. "सात वर्षं झाली. बुडाला माझा पोरगा." आणि मग फोटो उलटा ठेवून तिनं डोकं टेबलावर टेकवलं. काका आत आले, तिच्यामागे उभे राहिले. तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्यांना कळेना. शेवटी ठेवला. तिनं तो झटकला नाही.

किसॅकनं बाहेर पडताना मला एवढंच म्हटलं, की त्याला मुलाबद्दल विचारायला पाठवलं होतं, बापाबद्दल नाही. भला माणूस. कागद उन्हाळ्यात आला. दगड बसला. पाद्रीनं छान प्रार्थना म्हटली आणि गल्लीतले सगळे आले. काका सबंध वेळ समुद्राकडे बघत उभे होते.

त्या नव्या सेवेनं फिन्लोचं पाकीट बंद केलं, टेबलवाल्यांनी खातं. त्यानंतरच्या एका रविवारी चहाच्या वेळी मावशीनं मला हाक मारली. मागच्या खोलीत दोघं संगणकासमोर बसलेली. "मला दाखवा म्हटलं," ती म्हणाली, "कुठे बसायचा तो." खातं नसलं तरी बाहेरून टेबल बघता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. फक्त काही लिहिता येत नाही.

टेबल चालू होतं. नर्स होती, ब्राझीलवाला होता. एक खुर्ची रिकामी. काका बोट लावून दाखवत होते, "ही." मावशी बराच वेळ त्या रिकाम्या गोलाकडे बघत बसली.

खाली नर्सनं लिहिलं, "लांबशेपट्या कुठाय? किती रविवार झाले."

थोड्या वेळानं ब्राझीलवाल्यानं लिहिलं, "अजून आला नाही."

काकांनी पडद्यावरचं बोट मागे घेतलं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "थांबा, मी माझ्या नावानं खातं उघडते. कार्ड आहे माझं, पाच मिनिटांचं काम. कळवून टाकू त्यांना. उगीच कशाला ताटकळत ठेवायचं बिचाऱ्यांना?" मी पर्समधून कार्ड काढलंसुद्धा.

मावशीनं माझा हात धरला.

"नको ग," ती म्हणाली. "कुठेतरी तेवढं राहू दे." मग तिनं काकांच्या खांद्यावरचा धागा काढून टाकला आणि चहा टाकायला उठली.